पडद्यावर मोलकरीण, कोर्टात मालकीण

जयंतीच्या तयारीसाठी पनवेलच्या आमच्या विहारात बैठक बसली होती. व्याख्यान, भीमगीते, रक्तदान शिबिर हे दरवर्षीचे विषय झाले. मग रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी सुचवले की, या वेळी एक संध्याकाळ जुन्या सिनेमातल्या कलावंतांसाठी ठेवावी. एखादा जुना चित्रपट दाखवावा, त्यांच्या कारकिर्दीविषयी चार शब्द सांगावेत. त्यावर कॉलेजात शिकणारा आमचा एक कार्यकर्ता उभा राहिला. म्हणाला, "काका, ज्या सिनेमात आपला माणूस दिसलाच तर हात जोडून उभा असलेला दिसला, त्या सिनेमाच्या नटनट्यांचे गोडवे आपण गायचे?"

सभा गप्प झाली. काकांनी माझ्याकडे पाहिले, पोरानेही पाहिले. वकिलाला दोन्ही बाजू ऐकायची सवय असते. मला दोघांचेही पटले, आणि म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

गौरव करायला हरकत नाही. मात्र तो कशाचा करायचा हे आपण ठरवले पाहिजे. प्रस्थापितांची वर्तमानपत्रे नट-नटीचा चेहरा, दागिने, लग्ने आणि मोटारी यांचा गौरव करतात. चळवळीच्या माणसाने दोन साधे प्रश्न विचारावेत. पहिला, या कलावंताच्या हातात करार कसला होता? दुसरा, या कलावंताला बसायला जागा कुठे होती? या दोन प्रश्नांच्या उजेडात जुना सिनेमा पाहिला की काही तारका वेगळ्याच तेजाने दिसू लागतात.

बेटी डेव्हिस हे नाव मला सिनेमाच्या पोस्टरवर भेटले नाही, ते कायद्याच्या पुस्तकात भेटले. १९३६ साली वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीने तिला लंडनच्या कोर्टात खेचले. खटल्यात तिचे नाव लग्नानंतरचे, म्हणजे मिसेस नेल्सन असे आहे. तिला कंपनीच्या भूमिका पसंत नव्हत्या आणि बाहेर काम करायचे होते. कोर्टाने मनाई हुकूम दिला. करार आहे तोवर दुसऱ्याकडे काम करता येणार नाही, असा निकाल लागला. नोकराला दुसरीकडे जाण्यापासून मालक किती अडवू शकतो, हे शिकवताना आजही आपल्या विधी महाविद्यालयांत हा खटला सांगतात.

त्याच कंपनीशी पुढे ऑलिव्हिया डी हॅविलंड भांडली. सात वर्षांचा करार संपला तेव्हा कंपनी म्हणाली, मधल्या काळात तू भूमिका नाकारल्या, तुला निलंबित केले होते. ते दिवस आता भरून दे. म्हणजे वेठबिगारीचाच हिशेब! तिने कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याकडे बोट दाखवले. माणसाला सात वर्षांहून जास्त काळ सेवेच्या कराराने बांधता येत नाही, आणि ही वर्षे पंचांगाची, मालकाच्या वहीतली नव्हेत, असा तिचा दावा होता. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टाने तो मान्य केला. हा लढा चालला तोवर तिला पडद्यापासून दूर राहावे लागले. नंतर तिने दोन ऑस्कर मिळवले. परंतु तिच्या कारकिर्दीतले सर्वात टिकाऊ काम कोणते, असे मला विचारले तर मी त्या निकालाकडे बोट दाखवीन. तिथले कलावंत तो निकाल आजही तिच्याच नावाने ओळखतात.

हे सगळे हॉलिवूडचे झाले. आपल्या मराठी मातीत असे कोणी झाले काय? झाले, आणि ऑलिव्हियाच्या आधी झाले. तिचे नाव शांता आपटे. 'अमृतमंथन', 'कुंकू', 'गोपाळकृष्ण' हे तिचे 'प्रभात'चे चित्रपट. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा तिने उभी केली. ही नीरा रडत बसत नाही, हे लग्न मला मान्य नाही असे तोंडावर सांगते. पण पडद्यावर बंड करणाऱ्या नट्या पुष्कळ असतात. शांता आपटेने पडद्याबाहेरही केले. कराराच्या आणि पगाराच्या वादातून जुलै १९३९ मध्ये ती पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. ज्या फाटकातून ती नायिका म्हणून मोटारीने आत जात असे, त्याच फाटकावर ती कामगार म्हणून बसली. पुढच्याच वर्षी तिने 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यातली पिळवणूक चव्हाट्यावर मांडली. त्या जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली.

ते साल लक्षात घ्या. त्याच्या आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला होता. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला होता. संप हा गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, म्हणजेच गुलामी, हे बाबासाहेबांनी विधिमंडळात ठणकावून सांगितले होते. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता, आणि या जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ पासूनचा संप चालूच होता. त्यालाही बाबासाहेबांचा पाठिंबा होता. शांता आपटेने हे भाषण वाचले होते असा माझा दावा नाही. ती आपल्या चळवळीतली नव्हती, सवर्ण घरातली होती. पण मालकाच्या फाटकावर बसणारी व्यक्ती कोणत्या घरातून आली हे मजुराने नंतर विचारावे. आधी तिच्या शेजारी सतरंजी टाकावी.

आता दुसरा प्रश्न, जागेचा. आणि इथे त्या पोराचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. कारण करार मोडायला आधी हातात करार असावा लागतो.

२९ फेब्रुवारी १९४० ची रात्र. लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात ऑस्करचा समारंभ होता. 'गॉन विथ द विंड' या एकाच चित्रपटातल्या दोन अभिनेत्री सहाय्यक भूमिकेच्या पुरस्कारासाठी समोरासमोर होत्या. एक ऑलिव्हिया डी हॅविलंड, दुसरी हॅटी मॅकडॅनियल. पुरस्कार हॅटीला मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण ऑलिव्हिया निर्मात्याच्या टेबलावर बसली होती, आणि हॅटीला दूर भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवले होते. हॉटेल गोऱ्यांचे होते. तिला आत येऊ दिले हीच मेहेरबानी समजली गेली! अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला त्या वेळी तर तिला जाताच आले नव्हते. हॅटीचे आईवडील गुलामीत जन्मलेले. तिने पडद्यावर रंगवली ती गुलामांच्या घरातली दाई. चित्रपट गुलामगिरीचे गोड चित्र काढणारा, हे आपण विसरू नये. अशा भूमिका केल्याबद्दल तिच्याच समाजाच्या चळवळीने तिच्यावर कडक टीका केली, आणि ती टीका बिनबुडाची नव्हती.

पण कथा इथे संपत नाही. लॉस एंजेलिसमध्ये 'शुगर हिल' नावाने ओळखली जाणारी वस्ती होती. तिथल्या खरेदीखतांत अट होती की, गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकायचे नाही. हॅटीने आणि इतर कृष्णवर्णीयांनी तिथे घरे घेतली. गोऱ्या शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. पडद्यावर आयुष्यभर मोलकरीण झालेली ही बाई दबली नाही. तिने शेजारच्या घरमालकांना एकत्र केले आणि लढा दिला. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीशांनी अमेरिकन घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन तो दावा फेटाळला. तिचे घर तिचेच राहिले. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितले की, अशी अट माणसांनी आपापसात लिहिली तरी तिची अंमलबजावणी करायला न्यायालय हात लावणार नाही. मधल्या १९४६ साली बाबासाहेब अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहीत होते. दोन्हीकडची दुखणी एकमेकांना ओळखत होती.

हॅटी १९५२ साली गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे ही तिची इच्छा होती. वर्णामुळे ती नाकारली गेली. १९९९ साली तिथे तिचे स्मारक उभारले गेले. मेल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी जागा मिळाली, तीही नावालाच.

आपल्याकडे पाहा. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने पुण्यात शंभराहून अधिक आठवडे मुक्काम ठोकला. तमाशापटांची लाट आली, निर्माते मोठे झाले, नायिका तारका झाल्या. ज्या फडांतून ती ढोलकी, ती अदा, ती लावणी उचलली, ते फड महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी जगवले होते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातल्या विठाबाईंना १९५७ साली राष्ट्रपती पदक मिळाले. योगायोग असा की, त्याच साली देशात कॉपीराइटचा कायदा झाला. त्यात गीत लिहिणाऱ्याला हक्क होता, चाल बांधणाऱ्याला होता. पण जी प्रत्यक्ष गाते, नाचते तिला नव्हता. कलावंताच्या सादरीकरणावरचा हक्क कायद्यात यायला १९९४ ची दुरुस्ती लागली, आणि मानधनाबाहेरच्या रॉयल्टीची तरतूद २०१२ साली आली. विठाबाई जानेवारी २००२ मध्ये हलाखीत गेल्या. मग त्यांच्या नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हॅटीचे स्मारक आणि विठाबाईंचा पुरस्कार ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, सिनेमाच्या गप्पांतून समाजाला काय मिळणार? सांगतो. माझ्याकडे मागे एक शिक्षिका आल्या होत्या. पनवेल परिसरातल्या एका सोसायटीत भाड्याचे घर पाहिले, आगाऊ रकमेचे बोलणे झाले. आडनाव कळेपर्यंत घर रिकामे होते. दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला, "मॅडम, मालकांच्या पुतण्याचे अचानक ठरले." महिनाभराने त्याच घराची जाहिरात पुन्हा लागली. बाई मला म्हणाल्या, "जाऊ द्या सर, कुठे कोर्टकचेरी करायची?" बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात, कोलंबिया विद्यापीठातून शिकून आल्यावर, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. शंभर वर्षे उलटली तरी आपण 'जाऊ द्या' म्हणतो आहोत.

कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच धर्मसमूहापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. माझ्या मते तो निकाल १९४८ च्या अमेरिकन निकालाच्या उलट्या दिशेला जातो. पण त्याने आपले सगळे दरवाजे बंद झाले नाहीत. संविधानाचे कलम १७ हे सरकारप्रमाणे खाजगी माणसालाही बांधते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये राहत्या जागेचा स्पष्ट उल्लेख आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय कलम १२ प्रमाणे गृहीत धरते. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. आणि १९९० पासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणून दलालाशी झालेले संदेश जपून ठेवा. सभासदत्वाचा अर्ज लेखी करा, पोच घ्या, नकार लेखी मागा, निबंधकाकडे दाद मागा. तोंडी अपमान हवेत विरतो. कागदावर उतरलेल्या अपमानाची फिर्याद होते.

त्या बैठकीत शेवटी ठराव झाला. 'कुंकू' दाखवायचा. त्याआधी अर्धा तास बोलायचे. शांता आपटेच्या उपोषणावर काका बोलतील, विठाबाईंवर महिला मंडळाच्या अध्यक्षा बोलतील. आणि हॅटी मॅकडॅनियलवर कोण बोलणार असे विचारले तेव्हा सगळ्यांनी त्या पोराकडे पाहिले. तो थोडा कुरकुरला आणि मग म्हणाला, "बोलतो. पण तिने केलेल्या भूमिकांवर टीकाही करणार."

जरूर कर. तिच्या भूमिकेवर टीका कर आणि तिच्या घराच्या लढ्याला जयभीम कर. मी त्या शिक्षिकाबाईंनाही बोलावले आहे. त्या येतील तेव्हा सोबत कागदपत्रांची पिशवी आणतील, असा निरोप त्यांनी कालच पाठवला आहे.