आधी स्लॅब, मग रंग

नूतनीकरण म्हणजे रंग नव्हे. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

माझी धाकटी बहीण हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. करते. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिला अजून परीक्षा द्यायचीय. नॅकची समिती येणार म्हणून तिथल्या सायन्सच्या जुन्या इमारतीचं नूतनीकरण झालं. कमान झाली. भिंती पिस्ता कलरच्या झाल्या. समिती आली, हार घेतले, गेली. पहिल्याच पावसात केमिस्ट्रीच्या लॅबमधला छताचा पोपडा रंगासकट खाली आला. नळाला पाणी तेव्हाही नव्हतं, आताही नाही. गॅस नाही, म्हणून बर्नर कपाटात. पोरी फळ्यावरचे आकडे वहीत उतरवतात अन् वर लिहितात, 'निरीक्षण'. कशाचं निरीक्षण?

मी जिनिंगात रेच्यावर काम करतो. कॉलेज बघितलं ते बाहेरून. पण गंज मला कुणी शिकवायला नको. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की सिमेंट फोडते. त्यावर रंग मारणं म्हणजे गळवावर पावडर. आमचा मालक सीझनच्या आधी पत्रे बघतो, मग वायरिंग. रंगाचं नाव काढत नाही. कारण आत कापूस असतो, भिजला तर त्याचं नुकसान. लॅबमध्ये आपली पोरं असतात. ती भिजली तर कुणाचं नुकसान?

म्हणून मागणी करताना क्रम हाच लिहा. आधी गच्ची अन् स्लॅब. मग ॲसिडनं न सडणारे पाइप. मग वायरिंग, अर्थिंग. मग विषारी वायू बाहेर ओढणारं धुराडं, चालू नळ, चालू गॅस. तराजूसाठी न हलणारा दगडी ओटा. रंग शेवटी. पैसे संपले तर रंग नको.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो उभं राहतंय. केंद्रानं २०२३ साली २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात. २०१५ साली अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १३० कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरांची टक्कर पकडली. प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक थरथर मोजली. येऊ द्या, स्वागत आहे! पण जिच्या तराजूचा काटा मोडक्या टेबलावर थरथरतो, ती पोरगी तिथं कशी पोचणार? गेटवर आपण अन् आत ते, हीच जुनी वाटणी पुन्हा?

काही मित्र म्हणतेत, आपला लढा अस्मितेचा, नळ-पाइप हे कारकुनी काम. मित्रांनो, बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ काढलं तेव्हा कलेबरोबर विज्ञानही ठेवलं. १९५० ला औरंगाबादेत मिलिंद उभं केलं, ते आपल्या मराठवाड्यासाठी. २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण एका नावासाठी लढलो. पोचिराम कांबळे मारले गेले. ते नाव रक्तानं मिळालंय. त्या नावाचा जयजयकार करून कोरडा नळ चालवून घेणं, ही कसली अस्मिता? महाडला १९२७ साली आपण पाण्यावरच हक्क सांगितला होता ना!

दुसरे म्हणतेत, जुनी पाडा, नवी बांधू. सावध! पाडायला आठवडा लागतो. नवी होईस्तोवर पोरांच्या तीन बॅचा प्रयोगाशिवाय पास होऊन जातात, अन् मोकळ्या प्लॉटवर कुणाचा डोळा असतो ते सांगायला नको.

तेव्हा निवेदन देऊन फोटो काढणं बंद करा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, आपापल्या तालुक्यातल्या कॉलेजात जा. या पावसाळ्यात गच्चीवर चढा. कुठं गळतं ते लिहा. नळ फिरवून बघा. अनुदानाचं कॉलेज असेल तर २००५ च्या माहिती अधिकारात हिशोब मागा: कमानीवर किती, स्लॅबवर किती? आकडा हातात आला की मग घोषणा द्या. तवर घसा जपून ठेवा.

जयभीम!