निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही

वैद्यकीय चाचण्यांवर आपल्याकडे एक आक्षेप वारंवार ऐकू येतो, आणि तो घेणारी माणसे सहृदय असतात. डोके फुटून बेशुद्धावस्थेत आणलेल्या माणसाला औषध द्यायचे की नुसते सलाईन, हे काय चिठ्ठ्या टाकून ठरवायचे? मग डॉक्टरच्या वीस वर्षांच्या अनुभवाला काय अर्थ उरला? हा पूर्वपक्ष प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच द्यायला हवे.

आधी अनुभवाचे बघू. डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते, स्टेरॉइडने सूज उतरते, म्हणून स्टेरॉइड द्यावे. तर्क इतका सरळ, की तीसेक वर्षे जगात ठिकठिकाणी ही इंजेक्शने दिली गेली. लहानसहान चाचण्यांतून कधी असे निघे, कधी तसे. अखेर ‘क्रॅश’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी हाती घेतली गेली. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते. १०,००८ रुग्णांनंतर, २००४ मध्ये, ती थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के.

शंभरात अठरा आणि शंभरात एकवीस. एवढा फरक वॉर्डात उभ्या असलेल्या निष्णात डॉक्टरलाही डोळ्यांनी दिसत नाही. डोक्याच्या गंभीर दुखापतीत माणसे जातातच. गेला तो ‘मार फार होता’ म्हणून गेला असे वाटते, आणि वाचला तो औषधाने वाचला असे. औषधामुळे गेलेली ती जादा तीन माणसे कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही. अनुभवाबद्दल मला आदर आहे. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तोच हाताशी असतो. पण हे मोजमाप त्याच्या आवाक्यातले नाही. आणि ती तीस वर्षे म्हणजे तरी काय होते? तोही प्रयोगच होता. त्याला कुणाची संमती घेतलेली नव्हती, त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता आणि तो कुठे थांबवायचा हेही कुणी ठरवले नव्हते.

मग स्टेरॉइडच वाईट म्हणावे का? अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात, दिवसातून दहा-दहा वेळा रक्त पडते. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी अशा २१० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉर्टिसोन मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांचा आजार शमला; औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांचा. औषध एकाच कुळातले, सूज दोन्हीकडे. आतड्याच्या रुग्णाला ते तारते आणि मेंदूच्या रुग्णाला मारते. हे कोणत्या तर्काने आधी कळले असते? ‘निम्म्यांना वंचित ठेवले’ असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. क्रॅशमध्ये वंचित राहिलेलेच सुदैवी ठरले.

पुढे चाचण्यांनीच हेही दाखवले, की कोलायटिसचा झटका शमल्यावर स्टेरॉइड चालू ठेवून तो परत येणे टळत नाही. तरी ‘बंद केले तर पोट पुन्हा बिघडेल’ या धास्तीने वर्षानुवर्षे त्याच गोळ्या घेणारी, चेहरा सुजलेली, हाडे ठिसूळ झालेली माणसे दिसतात तेव्हा जीव तुटतो.

गरिबांचा गिनिपिग केला जातो, हा आक्षेप मात्र मी खोडणार नाही. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात खम्ममला कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले, ते योग्यच होते. हानी झाल्यास भरपाई, नीतिसमितीची देखरेख, चाचणीची आगाऊ जाहीर नोंदणी यांत तसूभरही सूट मिळता कामा नये. पण संमतीत लबाडी झाली म्हणून मोजणेच सोडून द्यायचे, तर पुन्हा त्याच गरिबाला न तपासलेले औषध मिळणार.

‘क्रॅश-२’ पाहा. ४० देशांतले २०,२११ अपघातग्रस्त. त्यांत आपल्या देशातलेही पुष्कळ होते. औषध रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने शोधलेले, स्वस्त. २०१० मध्ये निकाल आला: मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर. बारकाईने पाहता कळले, की तीन तासांच्या आत दिले तर ते वाचवते. उशिरा दिले तर रक्तस्रावाने मरणाऱ्यांची संख्या उलट वाढते. हे तीन तास कुणाच्याही अनुभवातून हाती लागले नसते.

आणि त्या तीन तासांत नातेवाईक अजून एसटीत असतात, रुग्ण शुद्धीवर नसतो. अशा वेळी संमतीचे काय, हा खरा अवघड प्रश्न आहे. माझे उत्तर असे: नीतिसमितीने सगळे कागद आधीच तपासून परवानगी दिलेली असावी, चाचणीशी संबंध नसलेल्या डॉक्टरने त्या रुग्णापुरती सही करावी, आणि माणूस शुद्धीवर आला की त्याच दिवशी, त्याच्या भाषेत, त्याच्या खाटेशेजारी बसून त्याला सगळे सांगावे. तो ‘नको’ म्हणाला, तर तिथून पुढे चाचणीसाठी त्याच्या अंगाला कुणी हात लावू नये.