परत येणाऱ्या डिझाइन इंजिनिअरला पुण्यात नोकरी आहे, पण काम आहे का?

मंडळी, गेलं वर्षभर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. स्टुटगार्ट, म्युनिक, डेट्रॉईटकडची आपली पोरं विचारतात, "दादा, परत यायचं म्हणतोय, मेकॅनिकल डिझाइनला पुण्यात काय परिस्थिती आहे?" कारण उघड आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांवर जागा कमी करायचं ठरवलं. झेडएफचंही तेच चाललंय. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर फी लावली.

मी १६ वर्षं याच धंद्यात आहे, इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय, म्हणून स्पष्टच लिहितो.

नोकरी मिळते. परदेशी कंपन्यांची इंजिनिअरिंग सेंटर्स इथे आहेत, आणि कॅटिया-एनएक्सवर हात बसलेला, वर थोडंफार जर्मन बोलणारा माणूस त्यांना हवाच असतो. पण बऱ्याच ठिकाणी पार्टची मूळ कल्पना तिकडेच ठरते. इथे मॉडेलमधले बदल, ड्रॉइंग काढणं, रिलीज करणं आणि संध्याकाळी कॉलवर बसणं. तिकडे ज्याने हाउसिंगची भिंत अडीचची दोन मिलिमीटर करायचा निर्णय स्वतः घेतला, त्याला इथे तोच बदल करायला मेलवर परवानगी मागावी लागते. चाळिशीत हे झेपत नाही हो. मग दोन वर्षांत तो मॅनेजर होतो आणि पीपीटी करत बसतो. (एचआरचं "भारतातला शेवटचा पगार किती होता?" हे तर वेगळंच दुखणं. दहा वर्षांपूर्वीच्या पगारावर आज टक्के लावून काय मिळणार?)

खरी गरज आहे भोसरी, चाकण, वाळूज, कोल्हापूरच्या शिरोलीत. तिथले बहुतेक कारखानदार गिऱ्हाईकाने दिलेल्या ड्रॉइंगवर माल काढतात. माल उत्तम असतो, पण डिझाइन त्यांचं नसतं. म्हणून दरवर्षी खरेदीवाला भाव पाडून मागतो आणि यांना मान डोलवावी लागते.

फाउंड्रीचंच बघा. कास्टिंगचा भाव अजूनही बऱ्याच ठिकाणी किलोवर ठरतो. समजा डिझायनरने १० किलोचा पार्ट ८ किलोवर आणला, ताकद तेवढीच ठेवून. फायदा गिऱ्हाईकाचा, आणि मालकाचं बिल २० टक्क्यांनी खाली! मग तो डिझायनरला कशाला ठेवेल? हा व्यवहार पार्टवर, डिझाइनचे पैसे वेगळे लावून व्हायला लागल्याशिवाय शिरोलीत डिझायनरची खुर्ची येणार नाही.

दुसरी अडचण बँकेची. मालक कोटभराचं मशीन घेतो, कारण मशीन तारण राहतं. २५ लाखांचा माणूस तारण राहत नाही. सरकारचंही तसंच. राज्याच्या २०१९च्या प्रोत्साहन योजनेत अनुदानाचा हिशोब मुख्यतः स्थिर भांडवली गुंतवणुकीवर, म्हणजे जमीन, इमारत, मशिनरीवर होता. नवं जीसीसी धोरण आणलं, लाखो रोजगारांचं लक्ष्य ठेवलं, चांगलंच आहे. पण त्यातून येणार ती पुन्हा परदेशी कंपन्यांचीच सेंटर्स. माझं म्हणणं, लहान कारखान्याने डिझायनर ठेवला तर पहिली ३ वर्षं निम्मा पगार सरकारने द्यावा. मशीनला सबसिडी चालते, तर डोक्याला का नको?

येणाऱ्यांना एवढंच सांगेन. ऑफर हातात आली की पॅकेजच्या आधी विचारा, ड्रॉइंगवर शेवटची सही कुणाची? आणि राजीनामा देण्याआधी तीन आठवडे सुट्टी काढून या, चाकण-भोसरीतले दहा-बारा शेड फिरा. सूट नको, सेफ्टी शूज आणा.

स्वतःचं प्रॉडक्ट काढू बघणारा कुणी कारखानदार ओळखीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. माझ्याकडे सध्या सहा जणांचे मेसेज पडलेत, त्यातले दोघे गिअरबॉक्सवाले आहेत. मी जोडून देतो.