दंडाआधी युरियाच्या पोत्याचा हिशेब मांडा

‘पाणी नासवणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे कशाला? दंडच करा’ हे पाणी स्वच्छ राखण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला देण्यास विरोध करणारे गेल्या अंकातील पत्र वाचले. कारखान्याला हा न्याय ठीक आहे. तिथे सांडपाण्याचा नळ बोटाने दाखवता येतो. खतातून तयार होणारे नायट्रेट मात्र गावभरच्या वावरांतून झिरपून विहिरीत उतरते. दंडाची पावती फाडायची कोणाच्या नावाने?

शिवाय पैसा आजही दिला जातोच, फक्त उलट्या दिशेने. ४५ किलोचे युरियाचे पोते शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांत मिळते. उरलेला भार केंद्र सरकार उचलते. स्फुरद आणि पालाश त्या मानाने महाग. मग उसाच्या सरीत युरिया फोकून वर पाटाचे पाणी सोडणेच परवडते. पिकाने न उचललेले नत्र खाली मुरते आणि पिण्याच्या पाण्यासाठीची लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा ओलांडली जाते.

न्यूयॉर्क शहराने नव्वदच्या दशकात, त्याचे पिण्याचे पाणी जिथून येते त्या कॅट्सकिल खोऱ्यातील शेतकऱ्यांना शेणखताची साठवण आणि ओढ्याकाठच्या कुंपणासाठी पैसे दिले. त्यामुळे शहराचा अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प टळला. आपल्याकडे २०२३च्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेत, रासायनिक खत कमी वापरून वाचलेल्या अनुदानाचा निम्मा वाटा राज्याला देण्याची तरतूद करण्यात आली. तो माती परीक्षणाप्रमाणे, हप्त्याहप्त्याने किंवा ठिबकमधून खत देणाऱ्यांच्या खात्यात जमा करा आणि विहिरींचे पाणी दरवर्षी तपासा. एवढे करूनही कोणी ऐकले नाही, तर दंड जरूर करा.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक, जि. सांगली