चाकांचा कल
मोटारीचे टायर एकाच कडेस झिजूं लागले, म्हणजे सुज्ञ गृहस्थानें कारागिराकडे जाण्यापूर्वी चाकांचा कल घरींच मोजावा. समोरून पाहतां ओळंब्याच्या रेषेपासून चाक जितकें झुकलेलें, तितका त्याचा कॅम्बर. टायरांत योग्य हवा भरून स्टिअरिंग सरळ ठेवावें. कोनमापक गेज प्रथम डाव्या-उजव्या चाकांमधील जमिनीवर आडवें ठेवून शून्यावर आणावें. जमिनीचा उतार अर्धा अंश, तर मापांतील चूकही अर्धा अंश! मग तें रिमच्या वरखालच्या कडांस उभें टेकवावें. ९० अंशांहून जो फरक दिसेल, तोच कॅम्बर. ४०० मिलिमीटर उंचीस १ अंश म्हणजे अवघे ७ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांस तें कोठून दिसणार? आंकडा दुरुस्ती-पुस्तिकेंतील मर्यादेशीं ताडावा. ज्या चाकांवर सारें कुटुंब प्रवास करितें, त्यांची परीक्षा अंदाजावर सोंपवूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.