गर्दीला नाकडोळे कशाला?

बेंगळुरूत दर जानेवारीत एका रविवारी कुमारकृपा रस्त्यावर चित्रसंते भरते. चित्रकला परिषद हा रस्त्यावरचा चित्रबाजार चालवते. तिथे जलरंगातल्या एखाद्या बाजारचित्रापुढे हमखास ऐकू येतं, ‘यात माणसं कुठायत? नुसते डाग!’ जाणकार म्हणवणारे आणखी पुढे जातात. त्यांच्या मते ज्याला हातपाय काढता येत नाहीत, तो सैल वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या थराच्या, आड लपतो.

आक्षेप जुनाच आहे. १८७४ साली पॅरिसमध्ये मोनेचं ‘बुलवार दे कापुसीन’ पाहून लुई लरुआ या टीकाकाराने त्यातल्या पादचाऱ्यांची काळे फराटे म्हणून टर उडवली होती. मोनेने ती गर्दी वरच्या मजल्यावरून पाहिली होती, हे मात्र लरुआ सोयीस्कर विसरला.

म्हणून मी आक्षेपकांना बेंगळुरूच्याच कृष्णराजेंद्र मार्केटच्या वरच्या मजल्यावर नेईन. खाली फुलांचा बाजार आहे. झेंडूच्या राशी, शेवंतीचे ढीग, त्यांतून वाट काढणारी डोकी. आता डोळे किलकिले करा. भडक केशरी झेंडू आणि शेजारच्या विक्रेत्याचा उन्हातला खांदा, रंग निराळे असूनही छटेच्या हिशेबात एकाच पायरीवर येतात आणि एकमेकांत मिसळतात. पिवळी शेवंती तेवढी उजळ राहते, सावलीतली माणसं मिळून एकच गडद आकार होतो. उजळ, मध्यम, गडद: तीन पायऱ्यांत अख्खा बाजार बसतो. ओल्या मध्यम वॉशमध्येच गडद रंग सोडला की खांद्याला खांदा आपोआप लागतो. कोरडी कड राखायची ती एकदोन ठिकाणीच, जिथे नजर थांबावी असं वाटतं.

‘मग हळदणकर?’ हा प्रश्न येतोच. सावळाराम हळदणकरांची म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली दिवा घेतलेली स्त्री (पुष्कळजण ती बिनदिक्कत रविवर्म्याच्या नावावर खपवतात) जलरंगच आहे आणि कमालीची रेखीव आहे. कबूल. पण ती एकटी आहे. आणि तिथेही उजेड चेहऱ्याभोवती अन् बोटांच्या फटींत एकवटलाय, बाकीचं चित्र अंधाराच्या हवाली केलंय. तपशिलाचा त्याग हळदणकरांनीही केलाच.

बिनचेहऱ्याची माणसं रंगवणं हा त्यांचा अपमान आहे, हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पण पन्नास नाकं काढल्याने पन्नास माणसांचा मान राखला जात नाही, एकच नाक पन्नासदा काढलं जातं. टोपली डोक्यावर चढवताना ताठ झालेली मान एका फटकाऱ्यात बरोबर आली, तर ते माणूस ओळखू येतं.

आमच्या बाजूच्या काहींचंही मला पटत नाही. प्रात्यक्षिकांत हल्ली सर्रास शिकवतात: वर ठिपका, खाली निमुळतं गाजर, झाला माणूस. सगळी डोकी क्षितिजरेषेवर, पाय वरखाली. सपाट रस्त्यावर डोळ्यांच्या उंचीवरून हा नियम खराच आहे. मार्केटच्या वरच्या मजल्यावरून मात्र क्षितिज दिसतच नाही. दिसतात टाळू, खांदे, टोपल्यांची तोंडं. पाय तर बहुतेक झाकलेलेच. तिथेही जो गाजरंच काढतो, त्याच्यापुरता तो ‘लपतो’वाला आरोप मी मागे घ्यायला लावणार नाही.