सुप्त हात आणि शेकाची घाई

सुश्रुताचार्यांनी एकशे एक यंत्रे सांगितली आणि त्यांत हात हेच प्रधान यंत्र मानले. हा विचार शल्यकर्माच्या संदर्भात असला तरी कष्टकरी माणसाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. पालीच्या पंचक्रोशीत किंवा बीड जिल्ह्यात अन्यत्र चिकित्सा करणाऱ्या वैद्याला हे वेगळे सांगावयास नको. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो मजूर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि तेथे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. अशा घरात मुठीची पकड सैल झाली, तर संसारच सैल होतो.

मधुमेहात पायांची काळजी घ्यावी, ही जाणीव आता बऱ्यापैकी रुजली आहे. हात मात्र दुर्लक्षित राहिले. वास्तविक चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये हात आणि पाय या दोहोंची सुप्तता व दाह सांगितला आहे. आधुनिक शास्त्रानुसार दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे सर्वांत लांब नाड्या प्रथम बाधित होतात. म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होते आणि साधारणतः गुडघ्यापर्यंत चढल्यावर हाताच्या बोटांत उतरते. पुढे तळहातातील लहान स्नायू क्षीण होतात व अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसतो. शर्टाची गुंडी लावणे, सुईत दोरा ओवणे, खिशातील नाणे न पाहता ओळखणे कठीण होते. कोयत्याची मूठ किती आवळली आहे, हे हाताला कळेनासे होते.

असा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याकडे किंवा औषधालयाच्या गल्ल्यापाशी येतो. ‘हाताला मुंग्या येतात, वाताचे तेल द्या’, एवढेच तो म्हणतो. तेलाची बाटली दिली जाते आणि सोबत ‘गरम शेक घ्या’ असा सल्लाही. आक्षेप आहे तो या सल्ल्याला.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदनास अयोग्य रुग्णांमध्ये मधुमेही स्पष्टपणे गणला आहे. शिवाय सम्यक् स्वेदनाचे लक्षण म्हणून शैत्य व शूल यांचा उपशम सांगितला आहे. तो उपशम रुग्णाच्या स्पर्शज्ञानावाचून कळत नाही. ज्याच्या त्वचेला उष्ण-शीत कळत नाही, तो ‘आता पुरे’ कधी म्हणणार? शेकाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, तापलेला तवा या साऱ्यांनी हात भाजतो आणि फोड आल्यावरच ते ध्यानात येते. मधुमेहात ती जखम लवकर भरत नाही आणि जंतुसंसर्ग झाल्यास बोट गमावण्याचीही वेळ येते. त्या हंगामाची मजुरी बुडते, ती वेगळीच.

म्हणून सुप्त हातावर शेक सांगण्यापूर्वी परीक्षण व्हावे. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. रुग्णास डोळे मिटावयास सांगून बोटांच्या टोकांना कापसाचा स्पर्श करावा. दोन्ही हातांनी नमस्कार करावयास सांगावे. तळवे व बोटे एकमेकांस पूर्ण टेकत नसतील, तर मधुमेहजन्य संधिकाठिण्याची शंका घ्यावी. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटात नाडी दाबली गेल्याचा संभव असतो. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो आणि त्यावर वेळीच उपाय होऊ शकतो. पायांची संवेदना शाबूत असून केवळ हात बधिर असतील, तर सारा दोष मधुमेहावर टाकू नये. मानेचे विकार पाहावेत. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता होऊ शकते, तीही ध्यानी घ्यावी. त्वचेवर बधिर चट्टा किंवा कोपराशी जाड झालेली नाडी आढळल्यास कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करवावी. त्याची औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही एक प्रश्न विचारण्याचा नेम ठेवावा: ‘रक्तातील साखर कधी तपासली होती?’ उत्तर समाधानकारक नसेल, तर तेल देण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा. एक बाटली कमी विकली जाईल, पण विश्वास वाढेल.

क्षीण झालेली नाडी कोणत्याही एका तेलाने पूर्ववत होते, असे आश्वासन कोणी देऊ नये. शर्करेचे नियंत्रण, चालू औषधांत खंड न पाडणे, चुलीपाशी जाड फडके वापरणे आणि रोज रात्री पायांबरोबर हातही निरखणे, हीच खरी चिकित्सेची भूमी होय. कोमट तेलाचा सौम्य अभ्यंग करावयाचा असल्यास तेलाची उष्णता घरातील दुसऱ्या कोणी पाहावी. नाडीपरीक्षेसाठी रुग्णाचा हात आपण रोजच हाती घेतो. तो खाली ठेवण्यापूर्वी त्याची बोटेही तपासावीत, एवढीच वैद्यबंधूंना विनंती.